पहिलीच्या वर्गाची मशागत आणि कर्मवीर भाऊराव



रान नांगरल्याशिवाय, ढेकळं फोडल्याशिवाय, कुळवाच्या पाळ्या घातल्याशिवाय आपण पेरणी करत नाही. पाऊस लांबला तरी मशागत चुकवत नाही. पण पोराच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण एकदम दहावीचा निकाल विचारतो. पहिली-दुसरीत काय चाललंय, याची चौकशी फारशी कोणी करत नाही. मग सहावी-सातवीतलं पोर धडा वाचताना अडखळतं. 'जमिनीचा' असा शब्द आला की थांबतं, एकेक अक्षर सुटं लावत जातं आणि ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरतं. घरचे म्हणतात, पोराला डोकं नाही. डोकं असतं हो. पहिलीतली मशागत राहून गेलेली असते.

हे आज सांगायचं कारण असं की, ज्या माणसाचा फोटो सातारा-सांगलीकडच्या कितीतरी शाळांच्या भिंतीवर आहे, ज्याची जयंती आपण दर २२ सप्टेंबरला हार घालून साजरी करतो, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा पाया फार लवकर ओळखला होता. त्यांची हायस्कुलं आणि कॉलेजं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्या कामाच्या आधी त्यांनी प्राथमिक शाळेचा मास्तर घडवायचं काम अंगावर घेतलं, हे फारसं बोललं जात नाही. त्यासाठी त्यांचं आयुष्य जरा या बाजूने बघू या.

कुंभोज ते कोल्हापूर

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज येथे झाला. वडील पायगोंडा पाटील, आई गंगाबाई. घराणं शेतकरी, जैन. गाव म्हणाल तर वाळवा तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. त्या काळी वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली असे पडले. त्यामुळे भाऊराव सातारचे की सांगलीचे, हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही जिल्ह्यांचा त्यांच्यावर सारखाच हक्क आहे.

वडील सरकारी महसूल खात्यात कारकून होते. बदली होईल तिकडे बिऱ्हाड जाई. त्यामुळे भाऊरावांची सुरुवातीची शाळा दहिवडी, विटा अशी फिरत झाली. हा सगळा दुष्काळी पट्टा. खेड्यातल्या रयतेचे हाल त्यांनी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिले. अस्पृश्य म्हणून विहिरीवर पाणी नाकारले जाते, हे पाहून या पोराने विहिरीचा रहाटच मोडून टाकला होता, असे आजही जुनी माणसे सांगतात.

त्या काळच्या शेतकऱ्याची खरी अडचण काय होती, तीही लक्षात घ्या. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांनी मुख्यतः कर्जाचे कागद ताब्यात घेऊन जाळले. माणसांपेक्षा त्यांचा राग कागदावर होता, कारण त्या कागदात काय लिहिले आहे हेच त्यांना कळत नव्हते. अंगठा उठवला की संपलं. त्यानंतर १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिला जावा, अशी सोय त्यात होती. सोय चांगलीच, पण कागद वाचून दाखवायला माणूस दुसराच लागणार. स्वतःचा कागद स्वतः वाचता येणे ही गोष्ट कायद्याने मिळत नाही. ती शाळेतच मिळते.

१९०२ साली भाऊराव पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात गेले आणि तिथल्या जैन बोर्डिंगात राहू लागले. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले. भाऊराव त्या समारंभाला जाऊन आले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. बोर्डिंगचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना बाहेर काढले. तेव्हा राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यांना आसरा दिला. महाराजांचा बहुजनांच्या शिक्षणाचा ध्यास त्यांनी जवळून पाहिला. मात्र शाळेच्या परीक्षांत त्यांना यश आले नाही. भाऊराव मॅट्रिक झाले नाहीत, ही गोष्ट आज नापास झालेल्या पोराच्या आईबापांनी जरूर लक्षात ठेवावी.

शिकवण्या, तुरुंग आणि नांगर

कोल्हापूर सोडल्यावर भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या धरल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. म्हणजे बघा, संस्थापक होण्याच्या आधी हा माणूस मास्तर होता. पुढ्यात बसलेल्या पोराचं नेमकं कुठं अडतं, हे शिकवणी घेणाऱ्याला जितकं कळतं तितकं दुसऱ्या कोणाला कळत नाही. याच सुमारास मिरज तालुक्यातल्या दुधगावला मित्रांच्या साथीने विद्यार्थी आश्रमाचे काम झाले. तिथेही सगळ्या जातींची मुले एकत्र ठेवायची, हाच विचार होता.

१९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठ्यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा त्यांच्यावर दबाव आला. याच लठ्ठ्यांनी त्यांना बोर्डिंगातून हाकलले होते. सूड उगवायचा असता तर ती चालून आलेली संधी होती. पण खोटे बोलायला ते तयार झाले नाहीत. त्यापायी तुरुंग आणि छळ सोसला.

त्यानंतर काही वर्षे त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री केली. कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली होती आणि नांगराचा कारखाना तिथे चालत होता. पण शेतकरी लोखंडी नांगर घ्यायला धजत नव्हता. लोखंडाने जमीन नासते, असा समज पसरलेला होता. भाऊराव गावोगाव फिरले, माणसांत बसले, नांगर खपवला. पुढे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्याबरोबर त्यांनी कारखान्याचे काम केले, तिथे मतभेद झाल्यावर बाजूला झाले. या भटकंतीतून त्यांना खेडं न खेडं माहीत झालं. कुठल्या गावात शाळा आहे, कुठं नाही, कुठं आहे पण मास्तर टिकत नाही, हे त्यांनी पायी फिरून पाहिलं.

काले गावचा दसरा

सत्यशोधक समाजाच्या कामात भाऊराव होतेच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. नावच बघा कसं आहे. रयत म्हणजे तुम्ही आम्ही, कसणारी माणसं. काल्याला वसतिगृह निघाले, मग वाळवा तालुक्यात नेर्ल्याला निघाले. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली.

साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत, एकत्र राहत, एकत्र राबत. त्या दिवसांत हे किती अवघड होते, ते आजच्या पिढीला कळणार नाही. धान्याला पैसे नसत. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले आणि एकदा तर मंगळसूत्रही विकायला काढले. मुलांना त्यांनी आईसारखे सांभाळले. १९३० साली त्या गेल्या. कर्मवीरांच्या कामात या माउलीचा वाटा निम्म्याचा आहे, असं म्हटलं तरी चुकीचं होणार नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. मुलांनी राबावे, मिळेल त्यातून शिकावे, कोणापुढे हात पसरू नये, ही रीत इथेच पडली. पुढे ती कमवा आणि शिका या नावाने देशभर माहीत झाली.

आधी मास्तर

आता येतो मुख्य मुद्दा. बोर्डिंगं चालू झाली, पण बोर्डिंगात येणारं पोर आधी गावच्या शाळेतून चार इयत्ता शिकून आलेलं असावं लागतं. आणि गावात शाळाच नसेल तर? त्या काळी सातारा जिल्ह्यात डोंगरावरची, वाड्या-वस्त्यांवरची असंख्य गावं शाळेविना होती. जिथे शाळा होती तिथेही शिकवण्याची रीत जाणणारा मास्तर मिळेलच असे नव्हते.

भाऊरावांनी मुळावर हात घातला. १६ जून १९३५ रोजी त्यांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. पुढे तेच महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले. ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळांसाठी मास्तर तयार करायचे, एवढंच त्याचं काम. संस्थेचे पहिले हायस्कूल निघायला यानंतर पाच वर्षे लागली आणि पहिले कॉलेज निघायला बारा. हा क्रम नीट बघा. कळसाच्या आधी पाया झाला. पुढे स्त्री शिक्षिकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालयही साताऱ्यात निघाले.

१९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. ज्या गावात शाळा नाही तिथे कोणी स्वेच्छेने शाळा चालवली तर सरकार थोडे अनुदान देईल, अशी योजना निघाली. भाऊरावांनी ती उचलली. गावाने जागा द्यायची, मग ते देऊळ असो, चावडी असो, धर्मशाळा असो. संस्थेने मास्तर द्यायचा. या व्हॉलंटरी शाळा. संस्थेच्या इतिहासात अशा शाळांचा आकडा ५७८ असा नोंदला आहे. एका संस्थेने, अपुऱ्या पैशात, डोंगराळ भागात एवढ्या शाळा चालवणे म्हणजे खायचं काम नव्हे. स्वातंत्र्यानंतर या शाळा सरकारी यंत्रणेकडे गेल्या. आज माण, खटाव, पाटण, जावळी, शिराळा भागात जिल्हा परिषदेच्या शाळांचा जुना इतिहास काढून बघा. काही ठिकाणी मूळ इथपर्यंत पोचेल.

अशा शाळेत मास्तर बहुतेक एकच. समोर चार इयत्तांची पोरं. मोठी पोरं पाढे लिहीत बसणार आणि पहिलीतलं पोर पाटी घेऊन मास्तरांच्या तोंडाकडे बघणार. या पहिलीतल्या पोराला नेमकं काय शिकवायचं असतं? इथे आपण जरा थांबू या. कारण पहिलीच्या मास्तराचं काम किती बारीक असतं, हे कळल्याशिवाय भाऊरावांनी मास्तरांच्या ट्रेनिंगला आधी का हात घातला, ते कळणार नाही.

काना, वेलांटी आणि उकार

मराठी वाचायला सोपी, असं आपण म्हणतो. अक्षर तसं वाचायचं, झालं. पण पहिलीतल्या पोराला विचारा. 'दर' आणि 'दार' यात फरक एका उभ्या रेघेचा. 'पर' आणि 'पार', 'मन' आणि 'मान', 'कर' आणि 'करा' हे तसेच. कान्याने सूर लांबतो आणि अर्थ पार बदलतो. शिवाय 'कर' मधला शेवटचा 'र' आपण तोडून बोलतो आणि 'करा' मधला पूर्ण लांबवतो. मोठ्यांना हे श्वास घेण्याइतकं सहज असतं, पोराला एकेक सांगावं लागतं.

वेलांटीची गंमत वेगळी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर बोलायची. 'कि' लिहिताना डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडाला मात्र आधी 'क' म्हणायचा असतो. पोरं इथं हमखास अडतात. 'र' ला उकार खाली न लागता बाजूला लागतो, म्हणून 'रुपया' आणि 'रूप' वाचताना पुन्हा गोंधळ.

यात जुन्या काळची आणखी एक अडचण होती. भाऊराव लहान होते तेव्हा गावचे दप्तर मोडीत असे. मोडी लिपीत वेलांटी एकच, दीर्घ. उकारही एकच, ह्रस्व. मोडी लिहिणाऱ्याला ह्रस्व-दीर्घाचा विचार करायचे कारणच नव्हते. शाळेतली पुस्तकं मात्र बाळबोध, म्हणजे देवनागरी, आणि तिथे प्रत्येकाची दोन-दोन चिन्हं. घरच्या वडीलधाऱ्यांना जे ठाऊक नाही ते पोराला शिकवणारा एक मास्तरच. पुढे स्वातंत्र्यानंतर मोडी मागे पडली. शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ साली ठरले, तेव्हा ते चौदा होते. १९७२ साली त्यात चारांची भर पडून अठरा झाले.

आता गंमत बघा. हे नियम आपल्या शेतातल्या शब्दांना किती जुळतात. मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला की तो दीर्घ. शेती, पाटी, नदी, पाणी, मेंढी, ज्वारी, गहू, वाळू, लिंबू. अपवाद मोजके, 'आणि', 'परंतु' असे. म्हणजे पोराला रोजच्या बोलण्यात पहिली भेटते ती दीर्घ वेलांटी. तीच आधी पक्की केली की अर्धं काम झालं.

दुसरा नियम असा. शब्दाचं शेवटचं अक्षर कान्या-वेलांटीशिवायचं असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार बहुधा दीर्घ. ऊस, गूळ, पीक, पीठ, मीठ, दूध, तूप, चूल, मूल, वीट, तीळ, विहीर, जमीन, बहीण. आणि त्याच शब्दाला 'ला', 'चा', 'त' असं काही जोडलं की ते ह्रस्व होतं. उसाला, गुळाचा, पिकात, पिठात, मिठाचा, दुधात, तुपाचा, चुलीवर, मुलाला, विटेचा, तिळाचा, विहिरीत, जमिनीचा, बहिणीला.

हे पाठ करायची गरज नाही. नुसतं मोठ्यानं म्हणून बघा. 'ऊस' म्हणताना सूर आपोआप लांबतो. 'उसाला' म्हणताना आखडतो. लिहिण्याचा नियम तोंडाच्या चालीवरूनच आलेला आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपली चाल सोडत नाहीत. 'गुण', 'विष', 'मंदिर' ह्रस्वच राहतात. 'शरीर' चे 'शरीराला' झाले तरी वेलांटी दीर्घच राहते. काही ठिकाणी तर अर्थच बदलतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे चरख्यावरचं.

बाराखडी घडाघडा म्हणणारं पोर सगळ्यांना हुशार वाटतं. पण ओळीनं म्हणणं वेगळं आणि मधलंच 'पू' दाखवल्यावर ओळखणं वेगळं. पाटीवर 'पी', 'कू', 'मा' असं उलटसुलट लिहून विचारल्याशिवाय पोराला खरंच आलं की नाही, ते समजत नाही. चिन्ह दिसताक्षणी सूर तोंडात आला पाहिजे. तो आला की वाचन धावतं आणि मग डोकं अर्थाकडे वळतं. चिन्हापाशीच ताकद संपली तर अर्थ हातात येत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत, अशी त्यात अपेक्षा आहे. ही घोकंपट्टीची अट नाही. एवढ्या वेगाने वाचलं तरच वाक्याचा अर्थ डोक्यात टिकतो.

असं हे पहिलीचं काम. यात हौसेचा मास्तर पुरत नाही, शिकवायला शिकलेला मास्तर लागतो. मॅट्रिक न झालेल्या, पण शिकवण्या घेतलेल्या माणसानं आधी ट्रेनिंग कॉलेज काढलं, त्यातला शहाणपणा आता लक्षात येईल.

उरलेली वीस वर्षं

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. राबून शिकणाऱ्या मुलांसाठी फी नसलेले, राहण्याची सोय असलेले. १९४७ साली साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. १९४८ साली सरकारशी तेढ आली आणि अनुदान बंद झाले. पगाराला पैसे नव्हते. तरी शाळा बंद पडू दिल्या नाहीत. लोकांनी मदत केली, पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. याच काळात गांधीजींच्या नावाने १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा त्यांनी संकल्प सोडला होता. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. स्वतः गाडगेबाबा झाडू हातात घेऊन गावं स्वच्छ करणारे, त्यांचं नाव कॉलेजला, हेही भाऊरावांनाच सुचावं. १९५५ साली माध्यमिक शिक्षकांसाठी साताऱ्यात मौलाना आझादांच्या नावाने ट्रेनिंग कॉलेज निघाले. म्हणजे शेवटपर्यंत मास्तर घडवणे सुटलेच नाही.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाने सर्वांत मोठी पदवी दिली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. अंगावर खादी, पांढरी दाढी, हातात काठी, असे ते फोटोत दिसतात.

आता आपण काय करायचं

मंडळी, फोटोला हार घालणं सोपं आहे. त्या माणसाचा क्रम पाळणं अवघड आहे. आपल्या गावात शाळेला कमान होते, रंगरंगोटी होते, लोकवर्गणीतून टीव्ही येतो. चांगलंच आहे. पण पहिली-दुसरीचं पोर वाचतं का, हे विचारायला ग्रामसभेत कोणी उभं राहत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. म्हणजे ही समिती तुमचीच. महिन्याच्या बैठकीत बाकीच्या विषयांबरोबर एवढं करा. तिसरीची चार पोरं बोलवा. त्यांना न शिकवलेला एखादा सोपा उतारा वाचायला द्या. कुठं अडतात बघा. कान्यावर, वेलांटीवर, की जोडाक्षरावर. गुरुजींना दोष देण्यासाठी हे करू नका, त्यांना मदत काय लागते ते विचारण्यासाठी करा. पहिलीच्या वर्गाला शिक्षक कमी असेल तर तिथला पाठपुरावा आधी करा, कमानीचा नंतर.

घरी करायचं तर आणखी सोपं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवा. मीठ, पीठ, गूळ, तूप, तीळ. पोर येता-जाता वाचेल. मग विचारा, गुळाचा लिहून दाखव, पिठात लिहून दाखव. संध्याकाळी दहा मिनिटं बसवा. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, खताच्या पोत्यावरची नावं, बाजार समितीची पावती, वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी, काहीही चालेल. तोच मजकूर तीनदा वाचून घ्या. पहिल्यांदा अडखळेल, तिसऱ्यांदा धावेल. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी अडत नाही. पोराजवळ बसा आणि ऐका. अडखळलं की कानाला कळतंच.

एक मात्र सांभाळा. घरात पोर 'पानी' म्हणतं, 'न्हाई' म्हणतं, म्हणून त्याला हिणवू नका. ती आपल्या मुलखाची बोली आहे. बोलायचं तसं बोलू द्या, पुस्तकात काय लिहिलंय ते डोळ्यांनी बघून वाचायला शिकवा. बोलीची लाज वाटणारं पोर तोंड मिटून बसतं. मिटल्या तोंडाचं वाचन कोणाला तपासता येत नाही.

आजही सातबारा आहे, सोसायटीचा कर्जरोखा आहे, पीक विम्याची अट आहे, कारखान्याचा उसाचा हिशेब आहे. कागद पूर्वीपेक्षा वाढलेत, काही तर मोबाईलवर येतात. सह्या करणारा शेतकरी आता अंगठेबहाद्दर राहिला नाही, पण अडखळत वाचणारा माणूस अजूनही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तुमच्या घरातलं पोर उद्या कोणाच्या तोंडाकडे न बघता स्वतःचा कागद वाचणार की नाही, हे दहावीच्या निकालाच्या फार आधी, पहिली-दुसरीतच ठरायला लागतं.

येत्या बैठकीला तिसरीची चार पोरं बोलवाच.